कोंडलेल्या दिवसांत अंग हलते ठेवा

(प्रौढ साक्षर वर्गात केलेले भाषण)



आज फळ्यावर नवा धडा नाही. आज आम्ही तुमच्याशी थोडे बोलणार आहोत. मध्येच काही विचारावेसे वाटले तर खुशाल विचारा. पुढे हेच बोलणे छापून तुमच्या हाती येईल. तेव्हा ते स्वतः वाचा. घरात कुणाला वाचता येत नसेल, तर त्याला वाचून दाखवा.

विषय साधा आहे. माणसाला एका जागी कोंडून राहावे लागले, तर त्याच्या मनाचे काय होते? आणि अशा वेळी त्याने अंग हलते ठेवले, तर मनाला त्याचा काय उपयोग होतो?

कोंडून राहण्याची वेळ कुणावर येत नाही? कुणाचा पाय मोडतो आणि तो दोन महिने प्लास्टरमध्ये पडतो. कुणी लांबलचक आजारातून उठतो, पण घराबाहेर जायची ताकद नसते. म्हातारपणी जिना उतरवत नाही, म्हणून कुणी तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत वर्षानुवर्षे बसून असते. आणि एकदा तर आपण सगळेच कोंडले गेलो होतो.

गावाकडे ज्यांनी बैल पाळले आहेत, त्यांना ही गोष्ट ठाऊक आहे. पावसाची झड लागली आणि बैल आठ दिवस दावणीला बांधून राहिला, की तो काही सुखावत नाही. पाय आपटतो, दावे ओढतो, शेजारच्या बैलाला शिंग दाखवतो. वैरण मिळते, पाणी मिळते. तरी त्याचे बिनसते. त्याला चालायला हवे असते. माणूसही तसाच आहे. फरक इतकाच, की माणूस पाय आपटत नाही. तो आतल्या आत कुढतो, आणि घरच्यांना ते उशिरा कळते.

२०२० सालची गोष्ट तुम्हांला आठवतच असेल. कोरोनाची साथ आली. २२ मार्चला, रविवारी, जनता कर्फ्यू झाला. २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. आधी सांगितले, एकवीस दिवस. १४ एप्रिलला ते दिवस भरले, तर आणखी एकोणीस दिवस वाढवले. पुढे पुन्हा वाढवले. लोकल बंद, देऊळ बंद, कामधंदा बंद. आपला हा वर्गही बंद.

त्या वेळी आमच्या वर्गाला लालबागच्या एका चाळीतल्या बाई येत असत. त्यांची हकीकत सांगायची परवानगी त्यांनी आम्हांला दिली आहे. नाव मात्र घेऊ नका म्हणाल्या. म्हणून घेत नाही. बाईंना तेव्हा अक्षरे येत होती, अंक येत होते, जोडाक्षरे अडत होती.

त्यांचे यजमान एका खानावळीत भट्टीवर कामाला होते. पहाटे पाचला घर सोडायचे, रात्री दहाला परत यायचे. दिवसभर उभे राहायचे. मोठमोठी पातेली उचलायची, कणकेचे गोळे मळायचे. खानावळ बंद झाली आणि हा माणूस घरी आला. खोली दहा फूट बाय बारा फूट. माणसे पाच. नवरा-बायको, दोन मुले आणि सासूबाई.

पहिला आठवडा बरा गेला. शेजारीपाजारी म्हणाले, ‘‘बरं झालं, वर्षानुवर्षं राबलात, आता जरा विश्रांती मिळाली.’’ आम्हांलाही तसेच वाटले. हे आमचे चुकले. लिखापढी करणारा माणूस घरी बसला तर त्याला पुस्तक असते, कागद असतो. पण ज्याने सारा जन्म हातापायांनी काम केले, त्याचे हातपाय एका रात्रीत थांबले, तर ती विश्रांती नसते. त्याच्या दिवसाचा आधारच निघून जातो. आणि खिशात पैसा नसताना आलेल्या रिकामपणाला विश्रांती म्हणणे, ही तर थट्टाच झाली.

१४ एप्रिलला बंदी वाढल्याचे टीव्हीवर सांगितले. दुसऱ्या दिवशी बाईंचा आम्हांला फोन आला. त्या गॅलरीच्या टोकाला जाऊन हळू आवाजात बोलत होत्या.

‘‘बाई, ह्यांचं काही खरं नाही. भिंतीकडं तोंड करून पडून असतात. अंघोळ नाही, दाढी नाही. रात्री झोप नाही, दिवसा जाग नाही. पोरगी जवळ गेली तर अंगावर खेकसतात. काल रात्री म्हणाले, मी गेलो तर खाणारं एक तोंड कमी होईल. मला लई भ्या वाटतं हो.’’

आम्ही काय सांगितले? आम्ही म्हटले, ‘‘त्यांना सांगा, मन घट्ट करा. वाईट विचार मनात आणू नका. हेही दिवस जातील.’’

हे आठवले की आज आम्हांला लाज वाटते. वाईट विचार आणू नका म्हटल्याने ते जातात का? मन चिंती ते वैरी न चिंती, अशी आपल्यात म्हणच आहे. भाडे कसे भरायचे, मालक पगार देईल का, गावी आईला काही झाले तर कसे जायचे, हे विचार घाण्याच्या बैलासारखे फिरत असतात. त्यांना शब्दांनी थांबवता येत नाही. बाईंनी आमचा निरोप यजमानांना सांगितला. ते एवढेच म्हणाले, ‘‘म्हणजे मला तेवढंही जमत नाही.’’ आमच्या उपदेशाने त्यांच्या ओझ्यात आणखी एका ओझ्याची भर पडली.

मग आम्ही आधी करायचे ते काम केले. पंधरा दिवसांचा शिधा त्यांच्या घरी पोहोचवला. पोट रिकामे असताना जोर-बैठकांचे भाषण कुणी कुणाला देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि बाईंना सांगितले, त्यांना एकटे सोडू नका, रात्री कुणीतरी जागे राहा.

शिधा आला, चूल पेटली. पण माणूस उठला नाही. तेव्हा आमच्यातल्या एका वयस्कर कार्यकर्त्यांना विनोबांची गोष्ट आठवली.

विनोबा भावे तुम्हांला ठाऊक आहेत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी ते गीतेवर बोलत, आणि साने गुरुजी ते उतरून घेत. त्याचीच पुढे ‘गीता प्रवचने’ झाली. पण ही गोष्ट त्या प्रवचनांची नाही. स्वातंत्र्याच्या लढ्यातल्या एका तुरुंगवासात विनोबांना काही दिवस एकट्याला कोठडीत ठेवले होते. कोठडी आठ फूट रुंद आणि नऊ फूट लांब. वाचायला पुस्तक नाही. लिहायला कागद नाही, पेन्सिल नाही. बाहेर पडायची परवानगी नाही. करायला काही कामही नाही. माणूस वेडा व्हायला एवढे पुरे.

विनोबांनी काय केले? त्यांनी दिवसाचे वेळापत्रक ठरवले. झोपेला दहा तास. ध्यानाला दोन-तीन तास. जेवण, अंघोळ वगैरेला तीन तास. आणि उरलेले आठ तास चालायला! त्या कोठडीतच ते येरझारा घालत. चालताना पाठ असलेली भजने म्हणत. रोज निदान दहा मैल चालणे होते, असा त्यांचा हिशेब होता. दहा मैल म्हणजे सोळा किलोमीटर.

आपण जरा गणित करून पाहू. एका मैलात ५२८० फूट असतात. कोठडीची लांबी ९ फूट. ५२८० ला ९ ने भागा. म्हणजे एक मैल चालायला भिंतीपासून भिंतीपर्यंत सुमारे ५८७ वेळा जावे लागेल. दहा मैलांना सुमारे ५८७० वेळा! कुठे पोहोचायचे नव्हते, तरी हा माणूस रोज एवढा चालला.

एकदा तर रात्री एक वाजता ते विचारात बुडून फेऱ्या घालत होते. पहाऱ्यावरच्या वॉर्डरने दार वाजवले. विनोबांचे लक्षच नाही. वॉर्डर घाबरला. आत येऊन त्याने त्यांना हलवले आणि विचारले, काय झाले? विनोबांनी त्याला आपण काय करतो ते समजावून सांगितले. त्यानंतर त्यांना रोज थोडा वेळ उघड्यावर फिरायची सोय करून मिळाली.

दुसरी गोष्ट लांबच्या देशातली आहे. दक्षिण आफ्रिकेचे नेते नेल्सन मंडेला. तिथे गोऱ्या सरकारने काळ्या लोकांना माणूस म्हणून जगू दिले नाही. त्याविरुद्ध मंडेला लढले, म्हणून १९६२ पासून १९९० पर्यंत सत्तावीस वर्षे ते तुरुंगात होते. त्यांतली अठरा वर्षे रॉबेन नावाच्या बेटावर गेली. कोठडी एवढी लहान, की आडवे झाले तर डोके एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला लागत. तरुणपणी ते मुष्टियुद्ध खेळत. तोच व्यायाम त्यांनी कोठडीत चालू ठेवला. सोमवार ते गुरुवार पहाटे जागच्या जागी धावायचे, कधी पाऊण तासापर्यंत. मग बोटांवर शंभर जोर, आडवे पडून दोनशे वेळा उठणे, पन्नास बैठका. उरलेले तीन दिवस विसावा. दिवसा खडी फोडण्याचे नाहीतर चुन्याच्या खाणीत खोदण्याचे काम होतेच. तरीही हा व्यायाम वेगळा. खाणीतले काम सरकारचे होते. पहाटेचे धावणे त्यांचे स्वतःचे होते. व्यायामाने मनावरचा ताण उतरतो, आणि शरीर चांगले असले की आपला विचार अधिक स्वच्छ चालतो, असा अनुभव त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहिला.

एक गंमतही त्यांनी लिहिली आहे. १९८२ साली त्यांना दुसऱ्या तुरुंगात नेले. तिथे चार सोबत्यांबरोबर एका मोठ्या खोलीत राहायचे होते. मंडेला पहाटे पाचला उठून धावायला लागत. सोबत्यांची झोपमोड होई. त्यामुळे एवढा मोठा पुढारी त्या खोलीत मात्र नावडता झाला!

आणि आपले जवाहरलाल नेहरू. १९४२ ते १९४५ अहमदनगरच्या किल्ल्यात त्यांना ठेवले होते. तिथली जमीन दगडगोट्यांची, जुन्या पडक्या बांधकामाच्या मलब्याने भरलेली. त्या जमिनीत भर उन्हात तासन्‌तास खोदून त्यांनी फुलांचे वाफे केले. पुढे त्याच किल्ल्यात त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा मोठा ग्रंथ लिहिला. आधी कुदळ आणि मग लेखणी.

या गोष्टी आम्ही बाईंना फोनवर सांगितल्या. बाईंनी त्या यजमानांना सांगितल्या. ते काय म्हणाले असतील?

‘‘ती मोठी माणसं. मी भट्टीवाला.’’

एवढे बोलून त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केले. म्हणजे मोठ्यांची उदाहरणे सांगून काम होतेच असे नाही. आम्ही शिकवणारे लोक हे वारंवार विसरतो.

मग काम कुणी केले? चाळीतल्या एका आजोबांनी. आजोबा गिरणीतून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले. तरुणपणी तालमीत जाणारे. त्यांची खोली बाईंच्या खोलीसमोर, गॅलरीच्या पलीकडच्या बाजूला. बाईंनी त्यांना काही सांगितले नव्हते. पण चाळीत काय लपते? १७ एप्रिलला सकाळी सहा वाजता आजोबा तोंडाला रुमाल बांधून आपल्या दारात उभे राहिले आणि हाक मारली, ‘‘अरे पोरा, ऊठ. बाहेर ये. दहा बैठका मार. मी मोजतो.’’

वडीलधाऱ्यांना नाही कसे म्हणणार? माणूस उठला. गॅलरीत आला. कठड्याला धरून दहा बैठका मारल्या. आजोबांनी तिकडून मोठ्याने मोजल्या. अर्धी चाळ जागी झाली.

बाई आत आल्या. वर्गाची वही काढली. मागच्या पानावर तारीख लिहिली, आणि तारखेपुढे आकडा लिहिला. १०.

ती वही बाईंनी पुढे आम्हांला आणून दाखवली. आम्ही ती पाहिली आहे. १८ एप्रिल, १०. १९ एप्रिल, ६. त्या दिवशी मांड्या भरून आल्या होत्या. २० एप्रिल, १०. २४ एप्रिल, २०. पुढे २ मे. त्या तारखेपुढे आकडा नाही, नुसती एक रेघ आहे. त्या दिवशी गावाहून निरोप आला, चुलते गेले. मातीला जाता आले नाही. दिवसभर ते उठले नाहीत. बाईंनाही वाटले, आता सगळे मुसळ केरात गेले. ३ मेला सकाळी आजोबा पुन्हा दारात उभे. ‘‘पोरा, आज पाचच मार. पण मार.’’ वहीत ५ आहे.

आणखी एक भानगड झाली. बैठका जमायला लागल्यावर यजमान मंडेलांसारखे जागच्या जागी धावू लागले. ती चाळ जुनी, लाकडी तक्तपोशीची. खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला आले. ‘‘डोक्यावर घोडा बांधलाय का?’’ असे म्हणाले. मग धावणे सोडले आणि गॅलरीत चालणे सुरू केले. पहाटे, कुणी नळावर यायच्या आधी. गॅलरी साठ फूट लांब. बाईंच्या मुलीने हिशेब केला. एका किलोमीटरला सुमारे ३२८० फूट. म्हणजे टोकापासून टोकापर्यंत ५५ वेळा गेले की एक किलोमीटर भरतो. मुलगी दारात बसून खडूने रेघा मारत असे.

फरक कसा पडला, तेही सांगतो. एका दिवसात पडला नाही. आठ-दहा दिवसांनी पहिल्याने झोप आली. रात्री अकराला झोपले, ते पाचपर्यंत. मग भूक लागू लागली. मग एक दिवस त्यांनी आपणहून दाढी केली. मग एके सकाळी आजोबांच्या हाकेची वाट न पाहता दार उघडले. कर्ज होते ते राहिलेच. त्या खानावळीच्या मालकाने दोन महिन्यांचा पगार दिलाच नाही. बैठका मारून घराचे भाडे भरता येत नाही, हे आम्हांलाही कळते. पण मे महिन्याच्या शेवटी ते स्वतः मालकाला फोन करून पगार मागायला लागले. एप्रिलमध्ये त्यांना फोन उचलण्याचीही उभारी नव्हती.

हे असे का होते? वैद्यकशास्त्र काय सांगते, ते थोडक्यात ऐका.

भीती वाटली, काळजी वाटली, की शरीर तयारीला लागते. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, रक्तात काही द्रव्ये उतरतात. ही तयारी कशाची? पळायची किंवा लढायची. शेतात साप दिसला तर ती तयारी कामी येते. पण भाड्याची काळजी साप नाही. तिच्यापासून दहा बाय बाराच्या खोलीत पळणार कुठे? तयारी झालेली असते आणि ती वापरली जात नाही. ताण अंगातच राहतो. झोप येत नाही. झोप नाही म्हणून दुसऱ्या दिवशी काळजी आणखी मोठी दिसते.

अंगाला श्रम झाले की ताठलेले स्नायू काम करून सैल होतात. श्वास खोल जातो. दुःख हलके करणारी काही द्रव्ये मेंदूत तयार होतात. रात्री झोप गाढ लागते. मनाची उदासी फार खोल गेलेली नसेल, तर नियमाने केलेल्या व्यायामाने ती कमी होते, हे डॉक्टरांनी पुष्कळ तपासण्या करून पाहिले आहे. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला तर आणखी बरे. कोंडलेल्या माणसाचे रात्रीचे जागरण आणि दिवसाचे लोळणे त्या उजेडाने ताळ्यावर येते.

याशिवाय आकड्याचीही गोष्ट आहे. ती आम्हांला औषधाइतकीच मोठी वाटते. कोंडलेल्या माणसाचे सगळे दिवस सारखे असतात. कालचा आणि आजचा दिवस त्याला वेगळा सांगता येत नाही. पण काल १० आणि आज १२, हे सांगता येते. बंदी कधी उठणार हे त्याच्या हाती नसते. बारावी बैठक त्याच्या हाती असते.

आता किती करायचे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की मोठ्या माणसाने आठवड्यात निदान १५० मिनिटे, जमल्यास ३०० मिनिटे, अंगाला बेताचे श्रम द्यावेत. १५० मिनिटे म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. एका दमात अर्धा तास जमत नसेल तर दहा दहा मिनिटे तीनदा करा. आणि तेही जमत नसेल, तर जेवढे जमेल तेवढे करा. काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे, हेही त्याच संघटनेने सांगितले आहे.

जागा किती लागते? एक चटई पसरण्याएवढी. सूर्यनमस्कार तेवढ्या जागेत होतात. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा केवढा प्रसार केला! त्यासाठी यंत्र नको, पैसा नको. बैठकांना तर चटईही नको.

परवा एका ताईंनी आम्हांला विचारले, ‘‘आम्ही दिवसभर घरात राबतो. पाणी भरतो, धुणी धुतो, भांडी घासतो. तो व्यायाम नाही का? तरी आमचं मन का उदास?’’ प्रश्न खरा आहे. घरकामाने अंगाला श्रम होतात, यात शंका नाही. पण ते काम दुसऱ्यांसाठी असते आणि कधी संपत नाही. मंडेलांना खाणीत श्रम कमी नव्हते, तरी पहाटेची वेळ त्यांनी स्वतःसाठी राखली. तुम्हीही दिवसातून दहा मिनिटे अशी काढा, की त्या वेळी कुणी ‘‘आई, माझा शर्ट कुठाय?’’ म्हणून विचारणार नाही. दोन मैत्रिणी मिळून फुगडी घाला. हसू नका. फुगडी हा उत्तम व्यायाम आहे. पूर्वी मंगळागौरीला बायका रात्र रात्र खेळत. घरात दबून राहिलेल्या त्या सासुरवाशिणींना त्या खेळांनी काय दिले असेल, याचा विचार करून पाहा. आणि घरातल्या पुरुषांना आमचे सांगणे आहे. बाईला ती दहा मिनिटे मिळावीत म्हणून तेवढा वेळ भांडी तुम्ही घासा. तुमचाही व्यायाम होईल.

म्हातारी माणसे आणि आजारातून उठलेली माणसे, यांनी घाई करू नये. खुर्चीवर बसून पाय लांब करणे, घोटे फिरवणे, हात डोक्यावर नेणे, भिंतीला धरून चार पावले जाणे, एवढेही चालते. हृदयविकार असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा बाळंतीण असेल, तर डॉक्टरांना विचारून करा. छातीत दुखले, चक्कर आली, तर लगेच थांबा. नुकता ताप येऊन गेला असेल तर जोर मारून मर्दुमकी दाखवू नका.

आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. व्यायाम चांगला आहे, पण तो डॉक्टरची जागा घेत नाही. घरातले माणूस ‘मी गेलो तर बरे’ असे बोलू लागले, तर ते गमतीवर नेऊ नका, आणि नुसत्या बैठका सांगून मोकळे होऊ नका. त्याच्याजवळ बसा, त्याचे ऐका, त्याला दवाखान्यात न्या. २०२० साली आपल्यापाशी एक सोय नव्हती, ती पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली. सरकारने टेलिमानस नावाची फोनसेवा सुरू केली. नंबर आहे १४४१६. तिथे मनाच्या दुखण्याबद्दल बोलता येते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. आता तुम्हांला अंक लिहिता येतात. हा नंबर आजच वहीत लिहा आणि घरात भिंतीवर लावा.

‘‘गुरुजी, त्या आजोबांचं पुढं काय झालं?’’ असे मागून कुणीतरी विचारले. सांगतो. आजोबा साथीतून बचावले. पण पुढल्या पावसाळ्यात ते घरातच पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. तीन महिने अंथरुणावर होते. डॉक्टरांनी रोज पाय हलवायला सांगितले होते. आजोबा दुखते म्हणून टाळायचे, चिडायचे, सुनेवर ओरडायचे. तेव्हा सकाळी सहा वाजता कोण दारात उभे राहायचे, ते तुम्ही ओळखलेच असेल. भट्टीवरचा तो माणूस म्हणायचा, ‘‘आजोबा, पाय उचला. दहा वेळा. मी मोजतो.’’ बाईंच्या वहीत त्या आकड्यांचेही एक पान आहे. त्या पानावर वर एक ओळ लिहिली आहे, ‘आजोबांच्या पायाचा व्यायाम’. जोडाक्षर बरोबर आहे.

बरे, आता बोलणे पुरे झाले. तुम्ही सगळे तासभर बसून आहात. बाके भिंतीला लावा. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच पाय लांब करायचे. बाकीच्यांनी उभे राहा. पदर खोचा, चपला काढा. मागच्या रांगेतल्या काकू, तुम्ही मोजा. मोठ्याने मोजा. एक...